मुदतीबाहेरची विद्या



आरोग्य आणि समाजविज्ञान या विषयांवर मराठीतून लेखन करणाऱ्या आपणां सर्वांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल रिवाजाप्रमाणे आभार मानून मी पुढे जातो. रिवाज म्हटला म्हणजे आणखीही एक आहे. भोपाळात मराठी माणूस भाषणास उभा राहिला की त्याने पहिल्या बाजीरावापासून, निजामाच्या कोंडीपासून आणि १७३८ च्या जानेवारीत दोराहा सराई येथे झालेल्या तहापासून आरंभ करावा, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आणि आजचा माझा विषय तलवारीच्या वाटेने जाणारा असता तर ती अपेक्षा मोडण्याचे मला काहीच कारण नव्हते. परंतु मला बोलावयाचे आहे ते मानवी कामजीवनाच्या शास्त्रीय संशोधनाविषयी, आणि ते संशोधन एकदा छापले गेल्यावर त्याचे पुढे काय होते याविषयी. म्हणून या शहराच्या इतिहासातून मी पेशव्याऐवजी एका बेगमेची निवड करतो.

१८६८ पासून १९०१ पर्यंत हे संस्थान जिने चालविले आणि ताज-उल-मसाजिदीचे काम जिने सुरू केले, त्या शाहजहान बेगमेने १८८९ साली ‘तहजीब-उन-निस्वान’ हा उर्दू ग्रंथ स्त्रियांसाठी सिद्ध केला. बाळंतपण, बालसंगोपन आणि विवाह यांपासून स्वयंपाक, शिवण व कपडे रंगविण्यापर्यंत स्त्रीच्या आयुष्यातील बहुतेक सर्व व्यवहार त्यात आले आहेत. दोनच वर्षांनी संमतिवयाच्या कायद्यावरून आपल्या पुण्यात जे रण माजले, त्यात स्त्रीच्या देहाविषयी पुष्कळ पुरुषांनी पुष्कळ लिहिले. इकडे मात्र एका राज्यकर्त्या स्त्रीने फर्माने आणि खलिते यांच्या गर्दीतून सवड काढून स्त्रियांसाठीच लिहिले. त्या ग्रंथाचा प्रभाव मोजणारे कोष्टक कोणी तयार केले नाही. पण ज्यांच्यासाठी तो लिहिला त्यांच्या भाषेत तो होता, आणि मला आज जे म्हणावयाचे आहे त्याचा मुद्दा नेमका हाच आहे.

आता आपल्या भाषेकडे वळतो. या विषयाचे मराठीतील नाव एकच, रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे हे ज्येष्ठ चिरंजीव गणिताचे प्राध्यापक होते, पॅरिसला जाऊन आलेले होते, आणि लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी ज्या साली संततिनियमनाचे केंद्र उघडले त्याच १९२१ साली त्यांनी मुंबईत आपले केंद्र उघडले. या कार्यापायी विल्सन महाविद्यालयातील नोकरी त्यांना सोडावी लागली. तरीही १९२७ च्या जुलैत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढून ते १९५३ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, त्यांनी स्वतःच्या तुटपुंज्या कमाईवर चालविले, आणि या सर्व काळात त्यांच्या पत्नी मालतीबाई त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या, हे सांगितल्याविना ती कहाणी पुरी होत नाही. हॅवलॉक एलिससारख्या पाश्चात्त्य संशोधकांचे निष्कर्ष, गुप्तरोगांची माहिती, आहार, विवेकवाद आणि वाचकांची प्रश्नोत्तरे असा त्या मासिकाचा मजकूर असे. मला विशेष मोलाची वाटतात ती ही प्रश्नोत्तरे. वैद्याला जे विचारता येत नाही, वडिलांना जे विचारणे अशक्य आणि मित्राला विचारावे तर तो स्वतःच अज्ञानात आहे, असे प्रश्न गावोगावचे लोक पोस्टाने या गणितज्ञाला विचारीत, आणि तो गणितातील उदाहरण सोडवावे तितक्या कोरडेपणाने त्यांची उत्तरे देई. ते उत्तर पुष्कळदा तुसडे असे, हे कबूल केले पाहिजे. कर्व्यांच्या लेखणीला लोकानुनय ठाऊक नव्हता, आणि त्यामुळे त्यांच्या कार्याची हानीही झाली, असे माझे मत आहे.

सरकारनेही या मासिकाचे वाचन मोठ्या आस्थेने केले. १९३१ साली व्यभिचारविषयक लेखाबद्दल कर्व्यांवर खटला होऊन शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली पुन्हा खटला झाला, आणि या खेपेस आरोपाचा विषय होता ती ही प्रश्नोत्तरेच. हस्तमैथुन आणि समलिंगी आकर्षण यांविषयी वाचकांनी विचारले होते आणि संपादकाने उत्तर दिले होते, एवढाच काय तो अपराध. आरोपीच्या वतीने डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावरचे प्रत्येक लेखन अश्लील मानता येणार नाही, आणि वाचकाने प्रश्न विचारला तर त्यास शास्त्राच्या आधाराने उत्तर देणे हा ज्ञानदानाचाच भाग होय, अशी त्यांच्या युक्तिवादाची दिशा होती. खटला हरला, दंड दोनशे रुपये. ज्या लेखनाचे शास्त्रीय मूल्य पारखावयास जाणकारांची सभा बसावयास हवी होती, त्याचे परीक्षण फौजदारी न्यायालयाने केले आणि आपला शेरा रुपयांत नोंदविला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, त्याच मुंबईत, डॉक्टर ए. पी. पिल्ले यांनी ‘मॅरेज हायजीन’ नावाचे इंग्रजी त्रैमासिक सुरू केले. विषय बहुतांशी कर्व्यांचेच, पण भाषा साहेबाची; संपादकवर्गात अमेरिकेचे नॉर्मन हाइम्स यांच्यासारखी नावे. त्याचे अंक अमेरिकेच्या जकात अधिकाऱ्यांनी जप्त केले आणि ते प्रकरण १९३८ साली तेथील अपील न्यायालयापर्यंत गेले, हा त्याचा एक सन्मानच समजला पाहिजे. मध्यंतरी काही वर्षे बंद राहून १९४७ मध्ये ते पुन्हा निघाले आणि लवकरच ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ सेक्सॉलॉजी’ या नावाने जगभर जाऊ लागले. जगातील कामविज्ञानाचे एक प्रमुख नियतकालिक मुंबईच्या छापखान्यातून निघत होते, ही गोष्ट आज मुंबईकरांनाही सांगावी लागते.

या नियतकालिकात १९५० साली अर्न्स्ट ग्रेफेनबर्ग या स्त्रीरोगतज्ज्ञाचा एक छोटा निबंध आला. हे गृहस्थ बर्लिनमध्ये व्यवसाय केलेले, ज्यू असून नात्झी राजवटीत तुरुंगात पडलेले, आणि संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर यांच्या खटपटीने सुटून न्यूयॉर्कला पोचलेले. आपल्या सरकारी दवाखान्यांतून स्त्रिया जी ‘तांबी’ बसवून घेतात, तिच्या पूर्वजांपैकी एक म्हणजे यांनीच तयार केलेली गर्भाशयातील कडी. स्त्रीच्या कामतृप्तीत मूत्रमार्गाच्या सभोवतालच्या भागाचा वाटा काय, हा त्या निबंधाचा विषय होता. निबंध छापला गेला आणि तीन दशके पडून राहिला; १९५७ साली लेखक वारला; आणि १९८१ साली अमेरिकेतील संशोधकांनी तो उकरून काढून त्या भागास ग्रेफेनबर्गचे आद्याक्षर दिले, तेव्हा ‘जी स्पॉट’ या नावाने त्याचा एवढा गाजावाजा झाला की मूळ लेखकाने तो ओळखला नसता. असा काही स्वतंत्र अवयव खरोखर आहे की नाही, हा वाद अद्याप मिटलेला नाही. पण आपल्याला प्रस्तुत आहे तो हिशेब. यूजीन गारफील्ड यांनी उद्धरणांच्या सूचीची कल्पना १९५५ साली मांडली, म्हणजे पिल्ल्यांचे नियतकालिक ज्या सुमारास बंद पडले त्याच सुमारास. आणि त्या कल्पनेतून पुढे जो ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ निघाला त्याची रीत अशी की, नियतकालिकाने गेल्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांचा चालू वर्षात किती वेळा उल्लेख झाला, त्या संख्येस लेखांच्या संख्येने भागावे. दोन वर्षांची मुदत! ग्रेफेनबर्गला तीस लागली. देहाच्या आणि लज्जेच्या विषयात माणसे इतक्या सावकाश बोलू लागतात की तेथे ही मुदत लावणे म्हणजे वडाच्या रोपट्याला खरिपाची आणेवारी लावण्यासारखे आहे.

मुंबई विद्यापीठाचे डॉक्टर गोविंद सदाशिव घुर्ये यांनी मुंबईतील मध्यमवर्गीयांच्या कामजीवनाची पाहणी १९३८ साली प्रसिद्ध केली, अमेरिकेतील कामजीवन-संशोधक किन्से यांच्या पहिल्या ग्रंथाच्या तब्बल दहा वर्षे आधी. घुर्ये मराठी, ज्यांना प्रश्न विचारले ते मुंबईकर, आणि निबंध इंग्रजी. किन्से यांचे नाव आपल्याकडच्या सुशिक्षितांना ठाऊक असते. घुर्यांची ती पाहणी समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यालासुद्धा शोधून काढावी लागते. आणि वेरिअर एल्विन यांनी बस्तरच्या मुरिया आदिवासींच्या घोटुलावर, म्हणजे तरुण-तरुणींच्या सामूहिक निवासगृहावर, १९४७ मध्ये जो ग्रंथ लिहिला त्याचे तर याच्या उलट झाले. ग्रंथ सहानुभूतीने लिहिलेला होता, त्याची कीर्तीही झाली, आणि त्या कीर्तीचे फळ म्हणून मुरियांच्या वाट्याला आले ते छायाचित्रकार आणि कुतूहलाने आलेले प्रवासी. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यावर प्रभाव पडलाच नाही असे कसे म्हणावे?

आता मी ज्या प्रकरणाकडे येतो त्याचा आरंभ याच शहरात झाला, आणि आपणांपैकी कित्येकांनी तो काळ डोळ्यांनी पाहिलेला आहे. १९८४ च्या डिसेंबरात, दोन आणि तीन तारखांमधल्या रात्री, युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. पुढल्या महिन्यांत वैद्यकाचे सारे लक्ष फुप्फुसे आणि डोळे यांवर खिळले होते, आणि ते स्वाभाविकही होते. स्त्रिया अंगावरून जाण्याची, पाळी बिघडल्याची, ओटीपोट दुखत असल्याची तक्रार करीत. पण वायूचा या तक्रारींशी काय संबंध, असे विचारून ती बाजूला सारली जाई. १९८५ साली डॉक्टर राणी बंग आणि डॉक्टर मीरा सद्गोपाल यांनी वायुबाधित वस्त्यांत जाऊन स्त्रियांची रीतसर तपासणी केली, तेव्हा स्त्रीरोगांचे प्रमाण इतके मोठे आढळले की ती एक साथच होय, असा अहवाल त्यांनी दिला. तो अहवाल कोणत्याही नामांकित नियतकालिकाची मोहोर उठवून आलेला नव्हता, आणि अशा कागदाला सरकारदरबारी किती किंमत येते हे आपण जाणता.

याच राणी बंग यांनी पुढे गडचिरोली जिल्ह्यातील वासा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून तिचे निष्कर्ष १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केले. रुग्णालयात आलेल्या रुग्णांची मोजदाद करण्याऐवजी गावातील स्त्री-समुदायच तपासावयाचा, ही त्या पाहणीची रीत होती आणि तेच तिचे बळ. शंभरांतील ९२ स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग होते. दर स्त्रीमागे सरासरी ३.६ रोग, आणि यापूर्वी अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के. ज्यांची काहीच तक्रार नव्हती अशा स्त्रिया ४५ टक्के होत्या, हा आकडा मला त्या निबंधातील सर्वांत बोलका वाटतो. कारण रोग ९२ टक्क्यांना असताना तक्रार मात्र ५५ टक्केच करतात, याचा अर्थ उरलेल्यांपैकी बहुतेकींनी दुखणे हाच स्त्रीजन्माचा सामान्य क्रम मानलेला होता. त्या काळापर्यंत स्त्रीच्या गर्भाशयात शासनाला रस असे तो लोकसंख्येच्या उद्दिष्टापुरता. १९९४ साली कैरो येथील संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत जगाचे धोरण लोकसंख्येच्या आकड्यांवरून प्रजनन-आरोग्याकडे वळले, तेव्हा ज्या पुराव्यांचा आधार घेतला गेला त्यांत गडचिरोलीच्या या पाहणीचे स्थान मोठे होते. भारत सरकारनेही १९९६ साली कुटुंबनियोजनाची ठरवून दिलेली उद्दिष्टे मागे घेतली आणि पुढील वर्षी प्रजनन व बालआरोग्याचा कार्यक्रम हाती घेतला. छापील संशोधनाचा प्रभाव म्हणावयाचा तो हा. आणि तो इंग्रजीत आणि लंडनमध्ये छापल्याविना पडला नसता, हे मान्य करण्यास मला संकोच वाटत नाही.

परंतु राणीताई तेथे थांबल्या नाहीत. ‘कानोसा’ हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिले, आणि तरुण मुलामुलींसाठी ‘तारुण्यभान’ ही शिबिरे मराठीतून चालविली. लॅन्सेटमधील निबंधाचे गुण विद्यापीठाच्या पदोन्नतीच्या कोष्टकात मिळतात. ‘कानोसा’चे मिळत असतील तर नाममात्र. आणि गुण हवेतच, म्हणून पैसे भरून वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांचा जो बाजार या देशात बोकाळला, त्याविषयी या सभागृहात अधिक बोलण्याची आवश्यकता नाही. त्या बाजारात गेलेले काही सज्जन येथेही बसले असतील.

दुसऱ्या बाजूला शासनाची भीड अजून गेलेली नाही. २००७ साली शाळांतील किशोरवयीनांच्या लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम ज्या राज्यांनी थांबविला, त्यांत महाराष्ट्रही होते आणि आपला मध्य प्रदेशही होता. कर्व्यांच्या दोनशे रुपयांच्या दंडाला तेव्हा त्र्याहत्तर वर्षे झाली होती. माझा निष्कर्ष असा आहे की, या विषयाचे ज्ञान इंग्रजीत राहते तोवर ते शास्त्र म्हणून खपते, आणि लोकभाषेत उतरले की त्यावर फिर्याद होते. आणि आपण लेखक मंडळींनी ही वाटणी निमूटपणे पत्करलेली आहे. कोणी आपले हात बांधलेले नाहीत. पदोन्नतीचा अर्ज भरताना मराठी लेखाचा रकाना रिकामा ठेवला तरी चालते, म्हणून आपण तो लिहीत नाही.

तेव्हा माझ्या मागण्या थोड्या आणि व्यवहारी आहेत. आपणांपैकी ज्यांनी लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या शय्यागृहातील गोष्टी विचारल्या आणि त्यांवर प्रबंध लिहून पदव्या मिळविल्या, त्यांनी तो मजकूर सोप्या मराठीत, आणि भोपाळात राहणाऱ्यांनी हिंदीतही, लिहून काढावा, आणि ज्या वस्तीतून ती माहिती घेतली त्या वस्तीत जाऊन वाचून दाखवावा. नावे अर्थातच गुप्त ठेवून. निवड समित्यांवर बसणाऱ्या प्राध्यापकांनी अशा लेखास गुण द्यावेत असा ठराव उद्याच्या खुल्या अधिवेशनात मांडला जाणार आहे, त्यास आपण सर्वांनी पाठिंबा द्यावा. आणि मराठी नियतकालिकांच्या संपादकांनी वाचकांच्या प्रश्नांना जाणकार डॉक्टरांकडून उत्तरे देणारे एक पान राखावे. प्रश्नांचा तुटवडा पडणार नाही, याची हमी मी देतो. उत्तरे देण्यास आपल्यापैकी कोण तयार आहेत, त्यांनी आपली नावे आज सायंकाळपर्यंत कार्यवाहांकडे नोंदवावीत, ही विनंती.