पानं कुरतडली जाऊ द्या

(वसंत व्याख्यानमालेत कोडोली येथे दिलेल्या व्याख्यानातील भाग)

जोतिबाच्या डोंगरावरून वारणेकडं पाहिलं की कोडोलीभोवती सगळं हिरवं दिसतं. त्यातला बहुतेक ऊस. या खोऱ्यातली घरं उसानं उभी केली, हे मी मान देऊनच सांगतो. पण उसाच्या तुऱ्यात मध नसतो. त्याचे पराग वारा नेतो. माश्या-पाखरांना उरतो तो बांध, पाणंद, ओढ्याचा काठ आणि आपलं परसू. त्यातही पाचट पेटवताना बांध होरपळतो, वाचलेल्यावर तणनाशक पडतं.

परसू तरी आपल्या हातात आहे. नर्सरीत लोक कीड न लागणारं झाड मागतात. मी म्हणतो, ज्याची पानं कुणीतरी खातं, असं झाड मागा.

कढीलिंबाचं रोप जवळून बघा. कोवळ्या पानावर काळपट-पांढरी अळी असते, पाखराची शीटच वाटावी अशी. वाढली की हिरवी होते. बोट लावलं तर डोक्यामागून नारिंगी शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. तिचं पुढं पिवळ्या-काळ्या नक्षीचं फुलपाखरू होतं. २०१५ साली आपण राज्य फुलपाखराचा मान दिला त्या नीलवंताची अळीही लिंबाच्याच कुळावर वाढते. बहाव्याची, रुईची पानं खाणाऱ्या अळ्या आणखी वेगळ्या. आणि अळ्या हव्यातच! दाणे टिपणारी सुगरणसुद्धा पिल्लांना किडेच भरवते. मध पिणारा शिंजीरही पिल्लांसाठी कोळी शोधत फिरतो. पानं शाबूत असलेल्या बागेत पिल्लं उपाशी राहतात.

आता वांगं घ्या. त्याचे पराग नळीत कोंडलेले असतात, टोकाला बारीक भोक. भुंगा फुलाला मिठी मारून गुणगुणतो, त्या थरथरीनं पराग झडतात. मधमाशीला हे जमत नाही. हा भुंगा वाळकं लाकूड पोखरून घर करतो. तेव्हा एखादा ओंडका कोपऱ्यात पडू द्या, चुलीला लावू नका.

उंबर फोडला की चिलटं उडतात म्हणून आपण नाक मुरडतो. त्या इवल्या गांधीलमाश्या आत शिरल्या नाहीत तर उंबराला बी धरत नाही, आणि त्याच फळांवर हरियाल जगतो.

आपल्याच जिल्ह्यात भुदरगड तालुक्यातलं पाटगाव ‘मधाचं गाव’ म्हणून ओळखलं जातं. पाटगावच्या पाठीशी सह्याद्रीचं रान आहे. कोडोलीच्या पाठीशी ते नाही, म्हणून इथं झाडं निवडताना महिने मोजावे लागतील. माघ-फाल्गुनात पांगारा, काटेसावर, पळस. उन्हाळ्यात करंज, बहावा. पावसात तेरडा आणि निर्गुडी. एकही महिना फुलांवाचून जाऊ नये. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. असेल तर राहू द्या, पण नवा खड्डा इथल्या झाडासाठी काढा.

शाळेचं आवार, स्मशानभूमी, पाणंदीच्या दोन्ही कडा, या जागा गावाच्याच आहेत. करंजाच्या शेंगा आत्ता झाडाखाली पडल्यात. मुलांना गोळा करायला सांगा, बी पिशवीत लावा. पांगारा लावायला तर बीचीही गरज नाही. जुन्या पानमळ्यांत वेल चढवायला तो लावत, इथल्या म्हाताऱ्यांना विचारा. वळवाचे दोन पाऊस झाले की मनगटाएवढी फांदी तोडा आणि बांधावर रोवा.