आधी जेवण, मग वंदना
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही काही वक्ते नाही. शिक्षण सातवीपर्यंत, आयुष्य मिलच्या तीन पाळ्यांत गेले. पुढचे जे काही शिकलो ते बाबासाहेबांच्या पुस्तकांतून. तेव्हा चूकभूल सांभाळून घ्या.

विहाराच्या मागच्या खोलीत रस्त्यावरचे पुरुष झोपतात, यावरून वस्तीत कुजबुज चालते. ती आमच्या कानावर आहे. म्हणून आज तेच बोलतो.

ही माणसं कोण? १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. मागून बजाज आली, टेल्को आली. १९७२ च्या दुष्काळात गावं सोडून लोक इकडे आले, त्यात आपल्यापैकी कितीकांचे आईबाप होते. पुढे चाकण पसरले, पण कायम नोकरी आटली आणि ठेकेदारी बोकाळली. काम थांबले की भाडे थकते, मग बाटली, मग घरी तोंड दाखवायची लाज, आणि शेवटी पुलाखाली पथारी. त्यात कागदांची पिशवी चोरीला गेली की गेटवर कोणी उभे करीत नाही. वरून १९५९ चा भीक मागण्याविरुद्धचा कायदा आहेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मोठ्या शहरांत लाख वस्तीमागे एक निवारा काढा म्हणून बजावले. पिंपरीत महापालिकेचे 'सावली' केंद्र निघाले, ते चांगलेच झाले. पण २०११ च्या जनगणनेत आपल्या शहराची वस्ती सतरा लाखांवर होती. किती निवारे हवेत, हिशेब तुम्हीच करा.

आम्ही सुरुवात केली तीच चुकीची. नियम केला, आधी वंदना, मग जेवण. चौघे आले, दोघे वंदनेतच पेंगले, एक उठून गेला तो परत दिसला नाही. तेव्हा भन्तेजींनी आम्हाला आळवीच्या शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. बैल हरवलेला तो गरीब दिवसभर रानात हिंडून उपाशी आला. भगवंतांनी धम्म सांगण्याआधी त्याला जेवू घालायला लावले. भिक्खूंना ते नवल वाटले, तर भगवंतांनी त्यांनाच समजावले. आम्ही मान खाली घालून ऐकले. दुसऱ्या दिवसापासून डबा आधी.

जेवणानंतर कागद. आधारचा जुना नंबर बोटांच्या ठशांवरून निघतो म्हणतात, पण घण मारून गुळगुळीत झालेल्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही! तीन-तीन खेपा घालाव्या लागतात. मग बँकेचे खाते, मग काम. संध्याकाळी ज्याची इच्छा असेल त्याने वंदनेला बसावे. त्रिशरण कोणावर लादत नाही, जात तर विचारतच नाही. एक नियम मात्र पाचव्या शीलाचा, पिऊन आत यायचे नाही. व्यग्घपज्ज सुत्तात भगवंतांनी गृहस्थाला चार गोष्टी सांगितल्या आहेत : उद्योग, कमाईची राखण, चांगली संगत आणि मिळकत बघून खर्च. यातली चौथी सगळ्यात जड. म्हणून पगाराचा हिशेब प्रत्येकजण आपल्या हाताने वहीत लिहितो. ज्याला लिहिता येत नाही त्याला आम्ही अक्षरं शिकवतो.

एकजण पहिला पगार घेऊन पळाला. लोक म्हणाले, "बघा, सांगितलं नव्हतं?" आम्हालाही राग आला, खोटं कशाला बोलू! अडीच महिन्यांनी तो रात्री दाराशी उभा. प्यालेला नव्हता. त्याला आत घ्यायचे की नाही यावर समितीत तासभर भांडण झाले, शेवटी महिला मंडळाच्या आक्काच म्हणाल्या, "पोराला आधी जेवू द्या, मग भांडा." आज तो चाकणला पॅकिंग खात्यात आहे. खोली भाड्याची आहे, पण कुलपाची किल्ली स्वतःच्या खिशात आहे. गावी आईला पैसे धाडतो.

सगळेच असे सावरले नाहीत. दोघांचा पत्ता नाही, एकजण थंडीत गेला, त्याला आपल्यापैकी पाच जणांनी खांदा दिला.

आता कामाचे. खोलीत पाच चटया आहेत, घोंगड्या तीनच. डबा देणाऱ्यांची वही दाराशी टेबलावर ठेवली आहे. सोमवार ते गुरुवार नावं लागली आहेत. शुक्रवार अजून मोकळा आहे.

जयभीम!