घरचा डॉक्टर कसा घडतो?

(श्रींच्या वार्षिकोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



देवालयाच्या सभामंडपात वैद्यकाविषयी बोलण्याचा अधिकार एका निवृत्त कारकुनास कसा, असे आपणांस वाटेल. मी वैद्य नव्हे. पण रोगी अनेकदा झालो आहे, आणि तोही एक अधिकारच आहे.

पणजीस १८४२ साली वैद्यकशाळा स्थापन झाली. तिचेच १९६३ साली गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले. त्या शाळेतून बाहेर पडलेला ‘दोतोर’ गावाचा आधार असे. आज आपल्या घराघरांतून मुले डॉक्टर होतात. परंतु घरचा डॉक्टर होण्यास फारसे कोणी राजी नसते. विशेषज्ञ होता आले नाही तो सामान्य डॉक्टर, त्याला निराळे शिक्षण कशाला, असा समज रूढ झाला आहे.

इंग्लंडातही एके काळी असेच होते. १९५० साली जोसेफ कॉलिंग्ज यांनी तेथील सामान्य दवाखान्यांची दैन्यावस्था उघड केली. १९५३ पासून पदवीनंतर एक वर्ष रुग्णालयात काम करणे सक्तीचे झाले. तेवढ्याने भागेना. १९६८ साली टॉड आयोगाने सामान्य डॉक्टरांसाठी स्वतंत्र प्रशिक्षणाचा आग्रह धरला, १९७६ साली कायदा झाला, आणि १९८२ पासून तीन वर्षांचे प्रशिक्षण बंधनकारक ठरले. त्यांतील साधारणतः दोन वर्षे रुग्णालयात आणि एक वर्ष अनुभवी डॉक्टरच्या दवाखान्यात, अशी विभागणी असे.

ही विभागणी मार्मिक आहे. रुग्णालयात न्यूमोनियाचा रोगी निदान होऊन खाटेवर पडलेला असतो; दवाखान्यात शंभर खोकणाऱ्यांतून तो एक ओळखावा लागतो. ज्याने खाटेवरचा न्यूमोनिया पाहिलाच नाही, तो या शंभरांत त्याला ओळखणार कसा? आणि ज्याने केवळ खाटाच पाहिल्या, त्याला उरलेल्या नव्याण्णवांना धीर देऊन घरी पाठविण्याचे धैर्य कोठून येणार?

आपल्याकडे पदवीनंतर बारा महिन्यांची आंतरवासिता आहे. २०२१ च्या नियमांनुसार तिचे बारा आठवडे सामुदायिक वैद्यकासाठी आहेत. ती संपली की कोणालाही स्वतःचा दवाखाना थाटता येतो. पण ते मोलाचे वर्ष अनेक तरुण प्रवेशपरीक्षेच्या पुस्तकांत घालवतात. नोंदवहीवर सह्या होतात, शिक्के पडतात. सही-शिक्क्यांतच माझा जन्म गेला; म्हणून खात्रीने सांगतो, शिक्का काम झाल्याचे सांगतो, हात शिकल्याचे नव्हे.

कौटुंबिक वैद्यकाची तीन वर्षांची पदव्युत्तर अर्हता आपल्या देशातही आहे. आपली लेक वा नातू ती घेऊ म्हणेल, तेव्हा ‘एवढे शिकून साधा डॉक्टरच का?’ असे कृपा करून विचारू नका. मध्यरात्री आपल्या दाराशी येणारा तोच असतो.

अशा डॉक्टरांची परंपरा आपल्या गावांतून खंडित न होवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.