निरभ्र आकाशांतील शिस्त

ठाकुर्लीच्या फलाटावरून कल्याणकडे पाहिलें, तर कित्येकदां लोहमार्ग दूरवर मोकळा दिसतो. ऊन स्वच्छ असतें. तरीहि सिग्नलचा तांबडा दिवा दिसतांच मोटरमन गाडी उभी करतो. मार्ग डोळ्यांना मोकळा दिसतो, एवढ्या आधारावर तो पुढें जात नाहीं. आकाशांत असे दिवे नाहींत. मग स्वच्छ हवेंत स्वतःचें लहान विमान चालविणाऱ्यानें डोळ्यांवर विसंबावें, कीं उपकरणांच्या नियमांनीं उडावें?

उड्डाणाचे नियम दोन प्रकारचे आहेत. दृष्टिनियमांत वैमानिक क्षितिज, भूमि व इतर विमानें स्वतः पाहून मार्ग काढतो. उपकरणनियमांत तो आपला बेत आगाऊ कळवितो आणि नियंत्रकानें नेमून दिलेल्या मार्गानें व उंचीनें जातो. हे दुसरे नियम केवळ ढगांसाठीं आहेत, हा समज चुकीचा होय. मोठीं प्रवासी विमानें लख्ख उन्हांतहि बहुधा त्यांनाच अनुसरतात.

हौशी वैमानिकाचा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. जुहूहून उडून कोंकणचा किनारा पाहावा, वाटेल तेथें वळावें, यांतच त्याचा आनंद. त्यासाठीं अनुमतीची वाट पाहणें व लांबच्या मार्गानें इंधन जाळणें त्याला जाचक वाटतें.

परंतु डोळ्यांची साक्ष नेहमींच पुरेशी नसते. १५ जुलै १९५३ रोजीं एक ब्रिटिश कॉमेट विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धांवपट्टीवर उतरलें. २४ सप्टेंबर १९७२ रोजीं जपान एअरलाइन्सच्या डी.सी.-८ विमानानें तीच चूक केली. तें धांवपट्टीच्या पलीकडे गेलें व कायमचें निकामी झालें. सुदैवानें प्राणहानि झाली नाहीं. दोन्ही वेळीं वैमानिक कसलेले होते. दिसलेली धांवपट्टी खरीच होती. ती हवी ती नव्हती, इतकेंच.

प्रत्येक वेळीं दैव असें अनुकूल नसतें. १६ जुलै १९९९ च्या रात्रीं अमेरिकेंत धाकटे जॉन केनेडी स्वतःचें विमान घेऊन समुद्रावरून निघाले. नियमांप्रमाणें हवा दृष्टिनियमानें उडण्याजोगी होती. पण धुरकटपणांत क्षितिज लोपलें. अशा वेळीं कानांतील तोल सांभाळणारें इंद्रिय फसतें व वळणारें विमान सरळ चालल्याचा भास होतो. उपकरणांवर उडण्याची पात्रता त्यांनीं अद्याप मिळविली नव्हती. विमानांतील तिघेहि मृत्युमुखीं पडलीं.

तथापि उपकरणनियम म्हणजे डोळे मिटण्याची परवानगी नव्हे. दृष्टिनियमानें फिरणारें प्रत्येक लहान विमान नियंत्रकास ठाऊक असेलच, असें नाहीं. घारींना तर कोणाचीच अनुमति लागत नाहीं. म्हणून स्वच्छ हवेंत बाहेर लक्ष ठेवण्याचें कर्तव्य दोन्ही पद्धतींत कायम राहतें.

तेव्हां सरसकट सक्ती नको. विमानतळाजवळ दिवसा घटकाभर विहार करणाऱ्यास दृष्टिनियम पुरेसे आहेत. परंतु लांबचा प्रवास, समुद्रावरील मार्ग किंवा मुंबईसारखें गजबजलेलें आकाश असेल, तर पात्रता मिळविलेल्यानें निरभ्र दिवशींहि उपकरणनियमच पत्करावेत. ज्याला ती पात्रता नाहीं, त्यानें ती आधीं मिळवावी. ढगांत शिरल्यावर उपकरणें वाचावयास शिकणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय. चांगली हवा ही शिस्त सैल करण्याची नव्हे, तर अंगीं बाणविण्याची वेळ आहे. मागच्या आसनावर वैमानिकाची पत्नी किंवा मूल निर्धास्त बसलेलें असतें, तें त्याच्या या सवयीच्या भरंवशावरच.