खेळ आणि भाकरी

झाशी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे किल्ला आणि घोड्यावरची राणी उभी राहते. जुन्या शहराच्या तटातील एका वेशीचे नाव खंडेराव गेट, दुसरीचे दतिया गेट. पहिले नाव मराठी अंमलाची आठवण देते, दुसरे शेजारच्या संस्थानाकडे जाणाऱ्या वाटेची. या वेशींच्या गावात गेली शंभर वर्षे मान मिळवला आहे तो हॉकीच्या काठीने. परंतु त्या काठीवर पोट भरते काय, हा येथील तरुणांपुढील जुनाच प्रश्न आहे.

ध्यानचंदांचेच पाहा. 1922 साली ते सैन्यात भरती झाले ते साधे शिपाई म्हणून. खेळ ते तेथेच शिकले. 1926 मध्ये सैन्याच्या संघातून न्यूझीलंडला गेले, 1928, 1932 आणि 1936 या तिन्ही ऑलिंपिकांत सुवर्णपदकाचे मानकरी ठरले; पण वेतन मिळे ते शिपाईगिरीचे. 1933 साली झाशी हीरोज या गावच्या संघाने कलकत्त्यात बेटन चषक जिंकला, तेव्हा अंतिम सामन्यात समोर होता कस्टम्स खात्याचा संघ. म्हणजे प्रतिस्पर्धीही नोकरदारच! ‘धंदेवाईक’ हा शब्द आपल्याकडे तुच्छतेने उच्चारला जाई. इंग्लंडमध्ये मात्र पैसे घेऊन फुटबॉल खेळण्यास 1885 सालीच उघड मान्यता मिळाली होती. आपल्याकडे खेळाचा धंदा झाला नाही, खेळाची नोकरी झाली.

ही नोकरी क्षुद्र मानण्याचे कारण नाही. झाशी हे मोठे रेल्वे जंक्शन. मालगाड्यांच्या वाघिणी दुरुस्त करणारा कारखाना येथलाच. रेल्वे, पोलीस, सैन्य आणि तेल कंपन्या यांनी भारतीय हॉकी पोसली. झाशीतच 1985 साली जन्मलेले तुषार खांडकर 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खेळले, तेही अशाच एका तेल कंपनीचे खेळाडू.

अडचण आहे ती दारापर्यंत पोहोचण्याची. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी कृत्रिम हिरवळीवर गेली. मातीच्या मैदानावर चेंडूची उसळी ओळखण्यात ज्याचे बालपण गेले, त्याला त्या हिरवळीचा वेग नव्याने शिकावा लागतो. आणि निवड तर कोवळ्या वयातच होते. एकदा वय उलटले की फेरविचार नाही.

आता लीगचे नवे आकर्षण आले आहे. हॉकी इंडिया लीग 2013 मध्ये सुरू झाली, 2017 नंतर बंद पडली आणि 2024 च्या डिसेंबरात पुन्हा उभी राहिली. मध्यंतरीच्या सात वर्षांत ज्यांची उमेद आणि वय एकदमच भरात होते, त्यांच्या वाट्याला ती आलीच नाही. फुटबॉलची स्थिती अधिक भक्कम वाटे. पण 2025 मध्ये इंडियन सुपर लीगचा मोसमच लांबणीवर पडला आणि काही क्लबांनी खेळाडूंचे वेतन थांबविले. नावाजलेल्या खेळाडूंची ही गत, तर क्लबाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या अठरा वर्षांच्या पोराने कोणाकडे पाहावे?

म्हणूनच मुलगा लिलावातील बोलीचे आकडे वाचत असताना बाप रेल्वेभरतीची जाहिरात कापून ठेवीत असेल, तर त्यास भित्रा म्हणता येणार नाही. करार एका मोसमाचा असतो. गुडघा दुखावला तर तोही नाही. नोकरीत निदान दुखावलेल्या गुडघ्यालाही पगार मिळतो.