बंदुकीचा परवाना आणि घरातील बाई



वर्धापनदिनाच्या समारंभात बंदुकीचा विषय कशाला, असे काहीजणींना वाटेल. पण दसऱ्याला खुंटीवरच्या बंदुकीला हळदकुंकू कोण वाहते? आपणच ना?

नवऱ्याचा हात उठत असेल, त्या घरातील बंदूक उडावी लागतच नाही. भांडणानंतर तो ओसरीवर बसून ती नुसती पुसू लागला, तरी आतल्या बाईला समजायचे ते समजते. पोरे जेवता जेवता थांबतात. याची फिर्याद कशी लिहायची?

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे हिंसेच्या गुन्ह्यात कैद झालेल्याला, शिक्षा संपल्यावरही पाच वर्षे बंदूक बाळगता येत नाही. परंतु शिक्षेपर्यंत किती जणींचे प्रकरण पोचते? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने दंडाधिकारी संरक्षण आदेश देतात खरे, पण आदेश म्हणजे शिक्षा नव्हे. त्याने परवाना आपोआप जात नाही. ही फट मला फार खटकते. अमेरिकेसारख्या बंदूकवेड्या देशातसुद्धा असा आदेश असलेल्यावरची मनाई तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली उचलून धरली.

तरी आपले हात अगदीच बांधलेले नाहीत. परवान्यापूर्वी पोलीस ठाण्याचा अहवाल मागवतात. माणूस कोणत्याही कारणाने अयोग्य वाटला तर जिल्हाधिकारी नकार देऊ शकतात, दिलेला परवानाही रद्द करू शकतात. हिंसाचारात वापरलेले शस्त्र पोलिसांच्या मदतीने जप्त करावे, असे दंडाधिकारी संरक्षण अधिकाऱ्याला लेखी सांगू शकतात; २००६ च्या नियमांत ते स्पष्ट आहे. अर्जात ही मागणी मुद्दाम लिहावी. न मागता कोणी देत नाही!

माणूस सुधारत नाही असे माझे म्हणणे नाही. आपल्याच औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत वसवली. पण सुधारणाऱ्याला बंदूक हवीच असे कोठे आहे? निवडणुकीत परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात, तेव्हा कोणाची अब्रू जात नाही.

राहिली भीती. तक्रार नवऱ्याला कळणारच. म्हणून एकटीने जाऊ नये. मंडळाच्या दोघीतिघींना बरोबर घ्यावे, अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी, आणि बंदूक जमा होईतो रात्री आपल्यापैकी कोणाकडे तरी काढाव्या.