ताणाशिवाय बहार नाही

(मंडळाच्या गणेशोत्सवातील गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभात केलेले भाषण)



आज कौतुकाचा दिवस आहे. तरी मी तुम्हाला माझ्या नापास होण्याची गोष्ट सांगणार आहे. तुमच्यापैकी बरेच जण उद्या नागपूर, भोपाळ, इंदूर, पुण्याला शिकायला जाल. तिथे हीच गोष्ट कामी येईल.

माझे गाव सौंसरजवळचे. घरी मराठी, शाळेत हिंदी. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती, तेव्हा आपण आणि विदर्भ एकाच राज्यात होतो. १ नोव्हेंबर १९५६ला नागपूर तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. नातीगोती आणि बाजार मात्र तुटले नाहीत. त्यामुळे नागपूरला जाणे म्हणजे मामाच्या गावाला जाणे, असेच मला वाटे.

१९८१ साली मी सौंसरहून छोट्या गाडीने नागपूरला निघालो. कॉलेजात सगळे शिकवणे इंग्रजीत. शाळेत पहिला येणारा मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. एकदा धीर करून प्रश्न विचारला, तर हिंदी, मराठी, इंग्रजीची खिचडी झाली आणि वर्ग हसला. मग चार महिने मी तोंडच उघडले नाही. सहामाहीत भौतिकशास्त्रात १०० पैकी १९ गुण मिळाले. डिसेंबरात पत्र्याची पेटी उचलली आणि घर गाठले. आईला म्हटले, "आता शेतीच करतो."

बाबा काही बोलले नाहीत. सकाळी मला संत्र्याच्या बगीचात घेऊन गेले. आंबिया बहारासाठी झाडे ताणावर सोडली होती. पाणी बंद, पाने फिकी पडलेली, काही गळलेली. मी म्हटले, "बाबा, झाडं सुकून राहिली."

ते म्हणाले, "आता पाणी देलं तर पानं हिरवी होतील, पण फूल येणार नाही. मी रोज येऊन पाहतो. जास्त झालं की ताण तोडतो."

इथे बसलेल्या बागायतदारांना हे नवे नाही. मला मात्र ते त्या दिवशी समजले. तिसऱ्या दिवशी मी परत गेलो.

जाऊन मोठे काही केले नाही. पुढच्या बाकावर बसलो. रोज एक प्रश्न विचारायचा, मोडक्या इंग्रजीत का होईना. रात्री इंग्रजीत एक पान लिहायचे आणि सकाळी खोलीतल्या मित्राला दाखवायचे. तो लाल रेघा मारी. पहिल्या महिन्यात पान लालच असे. हसणारे हसले, मग थांबले. वार्षिक परीक्षेत पास झालो, पहिला वर्ग नाही मिळाला. पण भीती गेली, ती पुढे तीस वर्षे शिक्षक म्हणून मला पुरली.

महर्षी कर्व्यांची गोष्ट तुम्ही वाचली असेल. कोकणातल्या मुरूडहून हा मुलगा परीक्षेसाठी घाट चढून चालत साताऱ्याला पोचला. तिथे वय लहान दिसते म्हणून त्याला परीक्षेलाच बसू दिले नाही. एवढी पायपीट करून हात हलवत परत! पण पुढे तोच गणिताचा प्राध्यापक झाला, १९१६ मध्ये त्याने स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले आणि १९५८ मध्ये शंभराव्या वर्षी भारतरत्न झाला. घराबाहेर पडले की पहिल्याच फेरीत यश मिळते, असे नाही.

आता दोन शब्द पालकांना. ताण देणे म्हणजे झाड वाऱ्यावर सोडणे नव्हे. हलक्या जमिनीतले झाड लवकर कोमेजते, भारी जमिनीतले जास्त दिवस धरते. तसेच पोरांचे. फोनवर "किती मार्क पडले?" विचारण्याआधी "जेवलास का? झोप लागते का?" हे विचारा. पोरगी खरेच कोमेजली असेल तर "परत ये, मग बघू" म्हणायला लाजू नका. आणि मुलाला पुण्याला पाठवता, तर मुलीला "इथेच काहीतरी कर" असे म्हणू नका. तिच्याही बहाराचा तो काळ आहे.

शेवटी भाषेचे. संत्र्याचे कलम जंबेरीच्या खुंटावर भरतात. फळ संत्र्याचे, मुळे जंबेरीची. हिंदी शिका, इंग्रजी शिका, जमेल तर आणखी एखादी शिका. पण खुंट मराठीचा राहू द्या. ते मूळ घट्ट असले की झाड कुठेही तग धरते.

२०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. या नव्या जिल्ह्याला उद्या डॉक्टर, अभियंते, शिक्षक, अधिकारी लागतील. ते तुमच्यातूनच यायचे आहेत. तेव्हा मुलांनो, जा. आणि पुढच्या गणपतीला येऊन सांगा, कोणता प्रश्न विचारायला तुम्हाला सगळ्यात जास्त भीती वाटली, आणि तरी तुम्ही तो विचारलात.

गणपती बाप्पा मोरया!